ते असो नाही, साडेअकराचं सांग

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, बाकी त्याच्याच शब्दांत):

"ताई, मी ३१ वर्षांचा, घाटकोपर वेस्टला भटवाडीत लहानाचा मोठा झालो, आता आयटीत आहे. दसऱ्याला गाडी घेतली, काळी एसयूव्ही, ऑन रोड १७ लाख, सात वर्षांचं लोन. तेव्हापासून झोप उडालीय. आमचा एरिया कसाय तुम्हाला माहीतच असेल. पाच महिन्यांत डाव्या मागच्या दारावर कमरेच्या उंचीला लांबलचक रेघ, बॉनेटवर आणि टपावर बारीक गोल गोल ओरखडे, एकदा साइड मिरर दाबून बंद केलेला. पोरं गाडीला टेकून मोबाइल बघत बसतात, क्रिकेटचा बॉल दोनदा लागला, दुसऱ्यांदा मी बॉल परतच दिला नाही. रोज रात्री न चुकता कव्हर घालतो तरी ही हालत. रात्री दोन-दोनदा उठून खिडकीतून बघतो. त्याच जागेवर आधी बाबांची रिक्षा असायची, तिला कधी कोणी हात लावला नाही. म्हणजे लोकांना जळफळाट होतोय हेच खरं ना? डिलिव्हरी दुपारी दोनला मिळाली होती पण उगाच लोकांच्या डोळ्यावर यायला नको म्हणून घरी रात्री साडेअकराला आणली, त्यावरून आई थोडी नाराज झाली, ते असो. मित्र म्हणतो मुलुंडला पार्किंगवाला फ्लॅट भाड्याने घे आणि सुटका करून घे. कॅमेरा बसवू की जागा बदलू?"

अरे बाबा, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं बिचारा, एवढे पैसे घातले आणि हे काय. दुसऱ्यांदा वाचताना त्या "ते असो"वर गाडी अडली ती तिथेच. कॅमेरा राहू दे, मुलुंड राहू दे. मला आधी ते साडेअकराचं सांग.

दुपारी दोन ते रात्री साडेअकरा. साडेनऊ तास. आणि दिवस कुठला, तर दसरा. होतास कुठे? तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय, शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड टाकून ठेवलं असेल, ते तुला ओढायला लावलं असेल, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढला असेल, मग मित्राला घेऊन नवी मुंबईच्या पाम बीच रोडला दोन-चार चकरा, मग कुठेतरी जेवण, मग परत एक चक्कर, कारण अजून साडेनऊच वाजलेत आणि गल्लीत लोक जागे आहेत.

आणि इकडे आईने दुपारपासून ताट करून ठेवलेलं. हे मी पैजेवर सांगते. हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, चाकाखाली ठेवायला चार लिंबं, आणि झेंडूची माळ, जी दसऱ्याला दुप्पट भावाने घ्यावी लागते आणि तरी निम्मी फुलं दबलेली निघतात. चार वाजता तिने फोन केला असेल, तू म्हणालास निघतोय. सात वाजता केला, तू म्हणालास ट्रॅफिक आहे. शेजारच्या बाईने विचारलं असेल, आला का गो मुलगा? आणि तुझी आई काय म्हणाली असेल ते तूच विचार तिला, मला नाही लिहवत. निरांजनात तूप किती वेळा घातलं तेही विचार.

त्या दिवशी तुमच्या त्या चढावर खाली-वर लागलेल्या सगळ्या रिक्षा धुतलेल्या असतात, हँडलला आंब्याची पानं, हुडावर माळ, शेजारी एखादी स्कूटी, पाण्याच्या कॅनवाल्याची हातगाडीसुद्धा कुंकू लावून उभी. तुझ्या बाबांची रिक्षा इतकी वर्षं त्याच रांगेत सजत होती ना? आणि वर्षाच्या त्याच दिवशी त्यांचा मुलगा स्वतःच्या पैशाची, स्वतःच्या नावाची, नवीकोरी एमएच ०३ गाडी हेडलाइट बारीक करून, चोर शिरावा तसा गल्लीत घेऊन येतो आणि इंजिन बंद करून पहिलं काम काय करतो, तर कव्हर घालतो. आई थोडी नाराज झाली म्हणे. थोडी!

आता ते रिक्षाचं. "तिला कधी कोणी हात लावला नाही." लावला रे, रोज लावला. दुपारी पोरं मागच्या सीटवर झोपायची, पोरी त्यात भातुकली मांडायच्या, कुणाची तरी आजी भाजी निवडायला बसायची, हुड तर शंभर ठिकाणी शिवलेलं असणार. तुला आठवत नाही कारण त्यातलं एक पोरगं तू होतास. तेव्हा हात लागला तर कुणी मोजत नव्हतं, आता तू मोजतोस.

माझं एक पाप सांगते, आता एवढी वर्षं झाली, हरकत नाही. आम्ही लालबागच्या चाळीत. तळमजल्यावरच्या एका काकांनी फियाट घेतली, साल असेल १९७८ वगैरे, मी पाचवीत. अख्ख्या चाळीत एकच गाडी. पांढऱ्या चादरी शिवून तिला झबलं घातलेलं, आणि आम्ही पोरं नुसती जवळून गेलो तरी काका गॅलरीतून ओरडायचे, "ए, लांब! लांब!" आम्हाला ती गाडी नको होती रे, आम्हाला फक्त आरशात तोंड बघायचं होतं. एक दिवस शाळेतून येताना मी कंपासपेटीतला कर्कटक काढला, चादर वर केली आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर वीतभर रेघ ओढली. सावकाश ओढली. पत्र्याचा तो किर्रर्र आवाज अजून कानात आहे. मला त्या काकांबद्दल जळफळाट वगैरे काही नव्हता, जळफळाट कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. त्या "लांब!"चा राग होता. काका शेवटपर्यंत दूधवाल्यावर संशय घेत राहिले.

म्हणून सांगते, मी त्या पोरांच्या बाजूची आहे, माझ्याकडून न्यायबिय मागू नकोस.

आणि तुझे ओरखडे तरी नीट बघितलेस का? बॉनेट आणि टपावरचे बारीक गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे, उन्हात चमकणारे? ते कुणी केले सांगू? तू केलेस. घाटकोपरमध्ये दिवसभर बांधकामाची आणि रस्त्याची धूळ बसते, त्या धुळीवर तू रोज रात्री कव्हर ओढतोस, रात्रभर वाऱ्याने ते फडफडतं, सकाळी परत ओढून काढतोस, वर सुक्या फडक्याने पुसत असशील. पॉलिश पेपर घेऊन बसल्यासारखंच आहे ते. काळ्या रंगावर हे सगळ्यात जास्त दिसतं, कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचार. न धुतलेल्या गाडीवर कव्हर घालायचंच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावावर खपवलेला निम्मा माल तुझ्या घरचाच आहे.

दारावरची रेघ. कमरेच्या उंचीला, लांब, म्हणतोस. ही हातगाडीची किंवा बाइकच्या हँडलची उंची आहे. तुझ्या एसयूव्हीची रुंदी पावणेसहा-सहा फूट, वर बाहेर काढलेले आरसे. गल्ली किती फुटांची? सिलेंडरवाला तिथूनच वर चढवतो ना हातगाडी? रिक्षा साडेचार फुटांच्या आत-बाहेरची, ती तिथे मावत होती. तू त्या जागेवर सव्वापटीहून जास्त रुंद गाडी लावलीस आणि रस्ता मात्र तेवढाच धरून बसलायस. आणि आरसा कुणी दाबून ठेवला म्हणून तक्रार करतोस? अरे, ज्याने कुणी दाबला त्याने तुझा आरसा वाचवला. त्याला चहा पाज.

जळणारे दोघं-चौघं असतीलही, नाही म्हणत नाही. ते मुलुंडलाही असतात, तिथे फक्त लिफ्टमध्ये भेटतात.

बाकी व्यवहाराचं पटकन सांगून टाकते, कारण रात्री दोनला उठणाऱ्या माणसाला तेवढं तरी माहीत हवं. रेघेवरून नख फिरव. नख अडकत नसेल तर वरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग-पॉलिशने बरंचसं निघतं. अडकलं तर रंग मारावा लागेल. पॉलिसी काढून बघ, नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, बंधनकारक असतो पण त्यात तुझ्या स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, वेगळा आणि तो मुदत संपली की रिन्यू करावा लागतो. त्यात कुणी मुद्दाम केलेलं नुकसानही येतं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, घेतलं नसशील तर प्लास्टिकच्या भागांवर, बंपरवगैरेवर, ५० टक्के घसारा (डेप्रिसिएशन) कापतात. आणि एका रेघेसाठी क्लेम करायला धावू नकोस: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तसेही तुझ्या खिशातून जातात, त्यापुढच्या इंजिनाला २०००, आणि क्लेम केलास की नो क्लेम बोनस गेला. पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, पाच वर्षं गेली तर ५० टक्के. गणित तूच कर, आयटीत आहेस. झालं, एवढंच.

कॅमेरा नको. खिडकीतून तू स्वतःच कॅमेरा होऊन बसलायस, त्याने काय झालं?

आता काय करायचं ते ऐक, एकच गोष्ट आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक तू पाम बीचवर घालवलास, दुसरा येतोय. पाडवा. गुढी उभारून झाली की सकाळी दहाच्या आत गाडी धुऊन, कव्हर घरात ठेवून, गल्लीच्या तोंडाशी आणून उभी कर, सगळ्यांना दिसेल अशी. आदल्या रात्री आईला सांग, ताट कर. फक्त एवढंच सांग, सॉरीबिरी म्हणत बसू नकोस, ती रडेल आणि मग तुला ऑफिसचा फोन आल्याचं नाटक करावं लागेल. बाबा गावी असतील तर बोलावून घे, चाकाखाली लिंबं त्यांनाच ठेवू दे. औक्षण आई करेल. मग दोन किलो पेढे, आणि ते तू स्वतः वाटायचे, घराघरात जाऊन, चप्पल काढून, "गाडी घेतली" एवढं तोंडाने म्हणून. पाच महिने सगळ्यांना माहीत आहे, पण तू सांगितलेलं नाहीस. म्हाताऱ्या बायका म्हणतील "आत्ता होय रे!" तर ऐकून घे, त्यांचा हक्क आहे.

तो बॉल परत दे. नवा आणून नको देऊस, तोच दे, डिकीत नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेला असेल.

मग आईला पुढच्या सीटवर बसव. पाच महिन्यांत ती त्या गाडीत बसलीय का, हे पत्रात कुठेच नाही आणि मला विचारायची भीती वाटतेय. मागे जेवढी पोरं मावतील तेवढी कोंब, चिखलाच्या पायांची, पेढ्याच्या हातांची, आणि एलबीएस रोडवरून सर्वोदयच्या सिग्नलपर्यंत एक फेरी मारून आण. सीटला डाग पडतील. पडू देत.

हे केल्यावर गाडीला ओरखडा पडणार नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. पडेल. बहुतेक त्याच आठवड्यात पडेल, आणि तू मला परत पत्र लिहिशील, तर नको लिहूस, आईला दाखव तो ओरखडा, मला नको.

आणि हो, नारळ. काही लोक हौसेने बॉनेटवर नाहीतर बंपरवर आपटून फोडतात. तू खाली दगडावर फोड. तेवढी तुझ्या रंगाची काळजी मलाही आहे.