मिनिएचर: लहानपणाचे नव्हे, शेंदराचे

टेबलावर मांडून खेळायच्या कल्पनारम्य युद्धखेळांतील सेनांसाठी प्लॅस्टिकचे जे मध्ययुगीन सैनिक मिळतात, त्यांना ‘मिनिएचर’ऐवजी ‘लघुमूर्ती’ म्हणावे का, आणि ‘मिनिएचर’ हा शब्द कोणत्या लिंगात चालवावा, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘मिनी म्हणजे लहान, त्यावरून मिनिएचर’ अशी व्युत्पत्तीही त्यांनी सोबत जोडली आहे. ती इतक्यांदा कानावर पडते की आधी खोडून काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

येथे लेकाला बापाचा बाप ठरवले आहे. ‘मिनी’ हा विसाव्या शतकात ‘मिनिएचर’मधूनच तोडून घेतलेला तुकडा आहे. मूळ शब्द लॅटिन ‘मिनियम’, म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतील आद्याक्षरे आणि परिच्छेदांच्या खुणा लाल रंगाने उठवीत. त्या क्रियेला ‘मिनिआरे’ म्हणत आणि त्यावरून इटालियनमध्ये पोथीतल्या चित्राला ‘मिनिआतुरा’ हे नाव पडले. ही चित्रे पानात मावण्याइतकी लहान असत, शिवाय ‘कमी’ या अर्थाचा लॅटिन ‘मिनुस’ कानाला जवळचा होता, म्हणून अर्थ हळूहळू आकाराकडे सरकला. प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी ‘मिनियम’ हे नाव हिंगुळाला, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाला देतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु पुढे ते नाव शेंदराकडे आले आणि खनिजशास्त्रात आजही तेथेच आहे.

मला विलक्षण आनंद होतो तो अमरकोश या संस्कृत शब्दकोशात शेंदराला ‘नागसंभव’, म्हणजे नागापासून झालेला, म्हटले आहे याचा, कारण येथे नाग म्हणजे शिसे. प्लॅस्टिक रूढ होण्यापूर्वी हे सैनिकही बहुधा शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूत ओतलेले असत. ज्या धातूपासून शब्दाला रंग मिळाला, त्याच धातूने पुढे वस्तूला अंग दिले.

म्हणूनच, रंग चढेपर्यंत तो सैनिक खऱ्या अर्थाने मिनिएचर होतच नाही, असे माझे ठाम मत आहे. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून कापून काढलेला, साच्याची रेघ खरवडलेला, जेमतेम २८ मिलिमीटरचा राखाडी भालाईत हातात घेऊन पाहावा: साखळीचे चिलखत नुसते खडबडीत दिसते. त्यावर पातळ काळा रंग सोडला की तो खळग्यांत उतरतो, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने वरून चंदेरी रंग फिरवला की कडी न् कडी सुटी दिसू लागते. पोथीतल्या रंगाऱ्याचे कामही हेच होते.

‘मिनिएचर’साठी ‘लघुचित्र’ हा प्रतिशब्द रूढ करणाऱ्या कोशकारांनी तर शब्दातील घसरण तेवढी उचलली आणि रंग पुसून टाकला. ‘लघुमूर्ती’त तोच दोष आहे. शिवाय हे सैनिक माणसाची काटेकोर लहान प्रतिकृतीही नसतात. टेबलापलीकडून ओळखू यावेत म्हणून अनेकांची डोकी, पंजे आणि तलवारी मुद्दाम प्रमाणाबाहेर मोठ्या घडवलेल्या असतात. मराठी शब्दच हवा असेल तर ‘रंगीत मोहरा’ म्हणावे. मोहरा पटावरचाच आहे आणि मराठीत मुरलेला आहे.

लिंगाचे म्हणाल, तर ‘चित्र’प्रमाणे नपुंसकलिंगी चालवावे: ते मिनिएचर, ती मिनिएचरे.