इटलीतली जुनी तलवारबाजी भारतात राहून, नुसत्या पुस्तकांवरून शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की शाळेत लाठी आणि दांडपट्टा शिकलात, आता इटलीतली चारशे-सहाशे वर्षांपूर्वीची तलवारबाजी शिकायची आहे, पण जवळपास शिकवणारं कुणी नाही. मग पुस्तकांवरून जमेल का? जमेल, पण एका अटीवर. जोडीदार हवा. पुस्तकं फुकट मिळतात, तलवार उशिरा घेतली तरी चालते, पण समोर दुसरा माणूस नसेल तर यातलं मुख्य काही हाताला लागत नाही. मी नोकरीनिमित्त काही वर्षं इटलीतल्या बोलोन्या शहरात होतो, तिथल्या एका क्लबात शिकायला लागलो आणि आता पुण्यात मोजक्या मित्रांबरोबर सराव चालू आहे. त्यावरून सांगतो.

शिकवणारा नाही म्हणून नाउमेद होऊ नका. आजचं ऑलिंपिकमधलं फेन्सिंग या जुन्या विद्येतूनच उतरलंय, पण दोन हातांची लांब तलवार कशी चालवायची किंवा तलवार आणि खंजीर एकत्र कसे वापरायचे, हे वस्तादाकडून चेल्याकडे सलग आजवर आलेलं नाही. मधे खंड पडला, उरले ते ग्रंथ. त्यामुळे इटलीतले शिक्षकही शेवटी तीच पानं वाचतात, करून बघतात, पुन्हा वाचतात. तुम्हीही तेच करणार आहात.

आता कोणता ग्रंथ घ्यायचा? लोक सहसा फिओरे देई लिबेरीकडे ओढले जातात, आणि त्यात नवल नाही. हा फ्रिउली प्रांतातला वस्ताद. त्याचा ग्रंथ साधारण 1409-10 चा, फेराराचा मार्क्विस निकोलो तिसरा द एस्ते याला अर्पण केलेला. आज त्याच्या चार हस्तलिखित प्रती माहीत आहेत. त्यातली एक लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात, एक न्यूयॉर्कला, एक पॅरिसला. कुस्ती, खंजीर, एकहाती आणि दोनहाती तलवार, भाला, चिलखतातली आणि घोड्यावरची लढाई, असं सगळं त्यात आहे. मला त्याची मांडणी फार आवडते. पवित्र्यावरून डाव सुरू करणाऱ्या वस्तादाच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट. तोच डाव पुढे नेणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली सोनेरी पट्टा. आणि त्या डावाची तोड करणाऱ्याच्या अंगावर मुकुट आणि पट्टा, दोन्ही. पान उघडलं की कोण काय करतोय, कुणाचं पारडं जड आहे, हे मजकूर न वाचताही कळतं. कुस्तीतला डाव आणि तोड हा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का आहे, त्याला फिओरे लगेच आपला वाटतो.

त्याच ग्रंथात चार प्राण्यांचं एक चित्र आहे. मधे माणूस, भोवती तलवारी, आणि लिंक्स (एक मोठं रानमांजर), वाघ, सिंह, हत्ती. लिंक्स म्हणजे नजर आणि अंदाज, वाघ म्हणजे चपळाई, सिंह म्हणजे धाडस, आणि पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती म्हणजे पाय रोवून उभं राहण्याची ताकद. माझ्या सरावाच्या जागी मी हे चित्र छापून लावलंय. आज नेमकं काय कमी पडतंय, हे त्याकडे बघून पटकन ठरवता येतं.

तरी सुरुवातीला फिओरे घेऊ नका असंच मी सांगेन. मजकूर अगदी थोडा, एकेका चित्राला दोन-चार ओळी, बाकी सगळं आपण भरून काढायचं. शिवाय त्यात धरपकड, हात मुरगळणं, मुठीने तोंडावर मारणं इतकं आहे की देखरेखीशिवाय दुखापत ठरलेली. बोलोन्याची परंपरा, म्हणजे मान्चोलिनो (1531), मारोत्सो (1536) आणि दाल्ल'आगोक्ये (1572) यांचे ग्रंथ, ही वार आणि टोक दोन्हींचा सुंदर मेळ आहे, छोट्या गोल ढालीसकट. पण मारोत्सोचे लांबच लांब क्रम पाठ करण्यात महिने जातात. दाल्ल'आगोक्ये त्यामानाने सोपा, संवादरूपात लिहिलेला. द्वंद्वाला तीसच दिवस हातात असतील तर माणसाला काय शिकवायचं, याचाही विचार त्याने केलाय. तो भाग जरूर वाचा. कमी वेळात काय टाकून द्यायचं हे ज्याला कळतं, त्याला विषय खरा कळलेला असतो.

माझी शिफारस निकोलेत्तो जिगान्तीची. व्हेनिस, 1606. लांब, सरळ, मुख्यतः टोकाने लढायची तलवार, जिला जग आज रेपियर म्हणतं. त्याच वर्षी साल्वातोर फाब्रिसचा मोठा ग्रंथ कोपनहेगनला छापला गेला, आणि चारच वर्षांनी, 1610 मध्ये, सिएनाला कापोफेर्रोचा. हे दोघे थोर आहेत, पण जिगान्ती शिकवायला बसलेला माणूस आहे. तो सोप्यापासून सुरू करतो, एका गोष्टीवर दुसरी रचतो, आणि पहिल्यापासून दोनच गोष्टी सांगत राहतो: पल्ला आणि वेळ. समोरचा आपल्या टप्प्यात आहे का, आणि तो आत्ता कशात तरी गुंतलाय का.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. समोरचा तलवार पुढे धरून उभा आहे. तुम्ही घाई न करता पल्ल्याच्या काठावर येता आणि आपलं पातं त्याच्या पात्यावर आणता. आपला मुठीकडचा दणकट भाग त्याच्या टोकाकडच्या लवचिक भागावर. दाबायचं नाही, खेटायचंही जवळजवळ नाही, फक्त त्याच्या टोकाची तुमच्यापर्यंतची सरळ वाट बंद करायची. तो तसाच थांबला तर तुम्ही सरळ टोक घालता, कारण वाट तुमच्या ताब्यात आहे. मग त्याला एकच करता येतं: टोक खालून काढून दुसऱ्या बाजूला आणायचं. याला इटालियनमध्ये कावात्सिओने म्हणतात. पण ते टोक खालून फिरत असताना त्या क्षणापुरता तो ना मारू शकतो ना अडवू शकतो. तेवढ्यात तुम्ही मनगट फिरवून तीच वाट दुसऱ्या बाजूने बंद करता आणि त्याच हालचालीत टोक पुढे जातं. बचाव आणि हल्ला वेगळे राहत नाहीत. हे पहिल्यांदा जमलं ना, की जोर लावलेला नसताना समोरच्याच्या छातीवर आपलं टोक कसं पोचलं याचंच आश्चर्य वाटतं.

चित्रांच्या बाबतीत एक सावधगिरी. कापोफेर्रोच्या पुस्तकात पिळदार उघड्या देहांच्या आकृत्या आहेत, एकाची तलवार दुसऱ्याच्या आरपार गेलेली. ते चित्र डावाच्या शेवटच्या क्षणाचं असतं. ते बघून नवखे लोक तसं उभं राहायचा सराव करतात. खरा डाव मजकुरात आहे: कोण कोणत्या बाजूने पात्यावर आला, कुणी आधी टोक काढलं, कुणाचा पाय हलला. त्यामुळे आधी मजकूर वाचा, जोडीदाराबरोबर एकेक वाक्य संथपणे करून बघा, आणि शेवटी तुम्ही चित्रातल्या जागी पोचलात का ते पडताळा. नाही पोचलात तर वाक्य चुकीचं लागलंय, परत मागे. मूळ पानं, मजकूर आणि इंग्रजी भाषांतर शेजारी-शेजारी ‘विक्टेनाउर’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

मर्दानी खेळाचा उपयोग होईल का? पायांना होईल, दमाला होईल, आणि हत्यार अंगावर येताना डोळे न मिटण्याची सवय तर फार मोलाची. पण मनगट नव्याने घडवावं लागेल. पट्ट्याची मूठ हात कोपरापर्यंत झाकते, मनगट जखडलेलं राहतं आणि वार खांद्यातून, अख्ख्या अंगाच्या फिरकीतून येतो. रेपियरमध्ये तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे जाऊन पात्याच्या बुडाला टेकते आणि निम्मं काम बोटं व मनगट करतात. पट्टा फिरवणारा आपल्याभोवती जागा मोकळी करतो. इथे एका रेघेवर बोटभर जागेसाठी झगडा असतो. दोन्ही विद्यांना आपापली शिस्त आहे, म्हणून सरावाचे दिवस वेगळे ठेवा.

जवळच्या शहरात आधुनिक फेन्सिंगचा क्लब असेल तर काही महिने नक्की जा. लंज (पुढचा पाय लांब टाकून झेपावणं), मागे सरकणं, पल्ल्याचा अंदाज, हे तिथे चांगलं घोटून घेतात, आणि मुखवटा व जाकीट कसं निवडायचं हेही कळतं.

सामानात डोक्यापासून सुरुवात करा. आधी फेन्सिंगचा मुखवटा, मग गळ्याचं कवच, जाकीट, हातमोजे, आणि तलवार सगळ्यात शेवटी. तोवर गुळगुळीत तासलेली काठी चालेल, आणि तीही मुखवट्याशिवाय समोरच्याच्या तोंडाकडे न्यायची नाही. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी घेऊन सराव अजिबात करू नका. त्यांच्या मुठीच्या आत पात्याचा बारीकसा दांडा जोडलेला असतो, तो तुटला की पातं कुठेही उडतं. सरावाची तलवार बिनधारेची, टोकाला रबरी बोंडी लावलेली आणि छातीवर टेकल्यावर सहज वाकणारी हवी. दर वेळी सुरू करण्याआधी पात्यावरून कापड फिरवा. कुठे कंगोरा अडकला तर कानशीने घासून टाका, चीर दिसली तर ते पातं बाद.

आणि लढत खेळायला लागाल तेव्हा दोघांनी मिळून एक नियम ठरवून घ्या. टोक लागलं म्हणजे गुण, असं नाही. टोक लावून, आपली तलवार मधे ठेवत, पल्ल्याबाहेर सुखरूप निघालात तरच गुण. दोघांनाही एकदम लागलं तर दोघेही हरले. या नियमाने पहिले काही आठवडे कुणालाच गुण मिळत नाहीत. तरी नियम सैल करू नका, हळू खेळा, आणि टोक लागल्यावर तुमचा मागचा पाय कुठे होता हे प्रत्येक वेळी जोडीदाराला विचारा.