'हाउंड' म्हणजे नुसता शिकारी कुत्रा नव्हे

प्रश्न आला आहे की, इंग्रजी 'हाउंड'साठी मराठीत 'शिकारी कुत्रा' लिहिले तर चालेल का?

माझ्या मते ते अपुरे पडते. पॉइंटर आणि रिट्रीव्हर हेही शिकारीचेच कुत्रे, पण त्यांना हाउंड म्हणत नाहीत. पॉइंटर पक्ष्याचा वास लागताच जागीच थबकून त्या दिशेला नाक रोखतो, रिट्रीव्हर बंदुकीने पाडलेले पाखरू तोंडात धरून आणून देतो. हाउंडचे काम सावजाच्या मागे लागण्याचे.

यातही दोन प्रकार आहेत. ब्लडहाउंड, बीगल, बॅसेट, फॉक्सहाउंड हे वासावर चालणारे. त्यांना वेगापेक्षा चिकाटी महत्त्वाची. ब्लडहाउंड तर कित्येक तासांपूर्वीचा मागही सोडत नाही, म्हणून हरवलेली माणसे शोधायलाही त्याला नेतात. माग लागला की हे कुत्रे हेल काढून भुंकतात आणि त्या आवाजावरून दूर मागे राहिलेल्या शिकाऱ्याला दिशा कळते. बीगल पाळणाऱ्यांना त्याचा आवाज फार वाटतो, पण तो आवाज माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेला गुण आहे! बॅसेटचे आखूड पायही तसेच, पायी चालणाऱ्या शिकाऱ्याला बरोबर राहता यावे म्हणून.

ग्रेहाउंड, सलुकी, बोर्झोई नजरेवर धावतात. खोल छाती, बारीक कंबर, लवचीक कणा. भरधाव पळताना प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो.

म्हणून मी 'हाउंड' तसाच ठेवीन आणि गरजेप्रमाणे 'वासावरचा' किंवा 'नजरेवरचा' असे विशेषण जोडीन. हा शब्द आपल्याला तसा परकाही नाही. जुन्या इंग्रजीतला 'हुंड' आणि संस्कृत 'श्वन्' एकाच मूळ धातूतून आलेले. 'हुंड' म्हणजे तेव्हा कोणताही कुत्रा. पुढे 'डॉग' रूढ झाला आणि 'हाउंड' शिकारीपुरता उरला. जर्मनमध्ये 'हुंड' आजही साधा कुत्राच.

अमरकोशात मृगयाकुशल कुत्र्याला 'विश्वकद्रु' असा स्वतंत्र शब्द आहे. मला तो फार आवडतो, पण आज लिहिला तर प्रत्येक वेळी अर्थ सांगावा लागेल.

आणि भाषांतर करणाऱ्यांनी ग्रेहाउंडला 'करडा कुत्रा' करू नये. त्यातल्या 'ग्रे'चा रंगाशी संबंध नाही. ग्रेहाउंड काळा, पांढरा, तांबूस, पट्टेदार असा कोणत्याही रंगाचा असतो.