स्क्रिप्टमधून फाइल चढवताना

अरे, पिंपळगावच्या पॅकहाउसमधले द्राक्षांचे फोटो रोज संध्याकाळी स्क्रिप्टने चढवायचे आहेत ना? मग लगेच कोड लिहायला बसू नकोस. आधी ब्राउझरमध्ये तो अपलोड फॉर्म उघड, डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब लाव आणि हाताने एक फोटो पाठव. विनंती कुठल्या पत्त्यावर गेली, फाइलच्या फील्डचं नाव काय, सोबत लपलेलं काय गेलं, सगळं तिथे दिसतं. तुझ्या स्क्रिप्टला नेमकं तेच करायचंय.

पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेब-विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीमध्ये फाइल बायनरी मोडमध्ये उघडून ‘फाइल्स’ पॅरामीटरला दे. कंटेंट-टाइपचं हेडर, म्हणजे विनंतीत कुठल्या प्रकारचा मजकूर आहे ते सांगणारी ओळ, मात्र हाताने लिहू नकोस. मल्टिपार्ट म्हणजे अनेक भागांच्या विनंतीतले भाग वेगळे करणारी खूण, बाउंडरी, त्याच हेडरमधून सर्व्हरला कळते. तू लिहिलंस की ती गळते आणि सर्व्हरला फाइल सापडतच नाही. नवख्यांचं निम्मं रडगाणं इथलंच.

लॉगिन असेल तर लॉगिन लक्षात ठेवणारं रिक्वेस्ट्सचं सेशन वापर, सीएसआरएफ टोकन (विनंती खऱ्या फॉर्ममधूनच आली हे पटवणारा गुप्त कोड) फॉर्मच्या पानातून काढ. आणि सर्व्हरकडून २००, म्हणजे ‘ठीक आहे’चा कोड, आलं म्हणून नाचू नकोस! सेशन संपलं की बरीच अॅप्लिकेशन्स गुपचूप लॉगिनच्या पानावर वळवतात, आणि ते पानही २००च देतं. उत्तराचा मजकूर तपास. ४१३ आलं तर फाइल मर्यादेपेक्षा मोठी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते. ती सर्व्हरवाल्यालाच वाढवायला सांग.

टाइमआउट स्वतः दे, रिक्वेस्ट्स आपणहून लावत नाही. नेट तुटलं तर स्क्रिप्ट ताटकळत बसेल. पुन्हा पाठवण्याआधी फाइल पोहोचली का ते बघ, नाहीतर एकाच पेटीचे फोटो दोनदा चढतील.