आजीची चंची

चिमणे,

काल तुझ्या मैत्रिणीनं कपाटातली चंची बघितली आणि म्हणाली, "आमच्या तेलुगूत पिशवीला संचि म्हणतात." ती गेल्यावर तू विचारलंस, "बाबा, मग हा शब्द आपला नाहीच ना?" मी "आधी जेवून घे" म्हणालो. खरं सांगतो, ते लागलं मला.

तिचं बरोबर आहे. कन्नडमध्येही संचिच. आपल्याकडे त्याची चंची झाली आणि पानसुपारीपुरती उरली. अडकित्ताही तिकडचाच, कन्नडमध्ये सुपारीला अडिके म्हणतात. इतकंच काय, तुझ्या अक्काआजीला आपण अक्का म्हणतो, तेही कानडीच.

पण माझ्यासाठी चंची म्हणजे शनिवार पेठेतली दुपार. जेवणं आटोपली की माझी आजी खांबाला टेकून बसायची आणि बंद सोडायची. गुंडाळी उलगडली की एकेक कप्पा दिसायचा: सुपारी, कात, लवंगा, चुन्याची डबी. अगदी आतल्या कप्प्यात सुटे पैसे. त्यातले चार आणे हातावर ठेवून म्हणायची, "बोरं आण, पण मीठ लावलेली नको, खोकशील." त्या नाण्याला काताचा वास यायचा. कापडावरचा तांबूस डाग तू शाईचा समजलीस, तो काताचा आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. पाणी पेठांत शिरलं तेव्हा एका हाताला अक्का, दुसऱ्या हाताला तुझे आजोबा धरून आजी निघाली. भांडी, कपडे, फोटो, सगळं गेलं. तिचा तरुणपणीचा एकही फोटो आपल्याकडे नाही तो म्हणूनच. चंची राहिली, कारण ती कमरेला खोचलेली होती.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती. एका कप्प्यात तंबाखू असायची. शेवटी शेवटी तिला तिखट घास सहन व्हायचा नाही, तोंड सोलवटलेलं असायचं. हे सोडून नुसत्या लवंगाच सांगत आलो, ते बरोबर केलं का, कळत नाही.

तू तिला पिशवी म्हण, बॅग म्हण, माझा हट्ट नाही. फक्त मैत्रिणीच्या आईला एकदा विचारशील? त्यांची आजी संचीत काय ठेवायची? मलाच ऐकायचंय.

आणि बघायला काढलीस तर बंद ओढू नकोस, एका टोकाला विरलाय.

बाबा