जुन्या बंदुकीची बोली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : डिचोलीत आमच्या जुन्या घराच्या माडीवर पणजोबांची एक लांब नळीची बंदूक आहे. पोर्तुगीज काळातल्या वाटणीच्या इन्व्हेंतारमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, तिची नोंद 'एस्पिंगार्दा दे पेदेर्नेइरा' अशी आहे, म्हणजे चकमकीची बंदूक. शेजारचे काका मात्र ही केपाची आहे म्हणतात. इंग्रजी कॅटलॉग उघडला तर पानापानावर अनोळखी शब्द. हे शब्द शिकायचे कसे, आणि कोणत्या भाषेत?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, शब्दांच्या आधी एक काम करा. बंदूक भरलेली नाही याची खात्री करून घ्या. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीत आजोबा-पणजोबांनी ठासलेला बार तसाच राहून गेलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. तेव्हा नळीचं तोंड कुणाकडे नको, समोर वाकून आत डोकावणं नको, जवळ समई किंवा उदबत्ती नको. घोड्याला आणि चापाला हात न लावता एक सरळ लाकडी काठी नळीत अलगद, अडेल तिथपर्यंत सोडा. तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, धरा. काठीचं टोक बुडाजवळच्या, आग आत जायच्या छिद्रापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते बार असेल, गांधीलमाशीचं घर असेल, पण तुम्ही ते उकरू नका. बंदूक आहे तिथेच ठेवा आणि परवानाधारक बंदूक-कारागिराला घरी बोलवा. म्हापशाच्या दुकानात मी काम शिकलो तिथे हा नियम पहिल्या दिवशी सांगितला जायचा, आणि आजही मी कुणाचीही बंदूक हातात घेतली की आधी काठीच मागतो.

आता शब्द. ते यादी करून पाठ होत नाहीत. आग कुठून निघते आणि दारूपर्यंत कशी पोचते ती वाट बोटाने धरत जा, शब्द आपोआप जागेवर बसतात. बंदुकीची जात त्या वाटेवरूनच ठरते.

आपल्याकडे दिसणाऱ्या तीन जातींत सगळ्यात जुनी तोड्याची बंदूक. सुताची पेटती दोरी म्हणजे तोडा, जामगीही म्हणतात. ती घोड्याच्या चिमट्यात. चाप ओढला की घोडा खाली येतो, नळीच्या बाजूच्या उथळ खळग्यातली बारीक दारू पेटते. ही दारू म्हणजे रंजक आणि तो खळगा म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला पॅन. तिथून एका बारीक छिद्रातून, कानातून, आग आत जाते. इंग्रजी कॅटलॉगमध्ये 'टोराडोर' असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका, तो आपला तोडेदारच आहे.

इथे गोव्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडच्या बहुतेक तोडेदारांत चाप दाबावा तसा तोडा सावकाश खाली येतो. तोडेदारांच्याच दुसऱ्या एका प्रकारात मात्र ताणलेली कमान (स्प्रिंग) सुटते आणि तोडा झटक्याने रंजकावर पडतो. संग्राहक तिला 'स्नॅप मॅचलॉक' म्हणतात. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, त्यानंतर इथल्या शस्त्रशाळेत स्थानिक आणि युरोपी कारागिरी एकत्र आली. 1543 साली पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदूक पोचली. जपानी बंदुकीची झटक्याची कळ, म्हणजे आग पेटवणारी यंत्रणा, गोव्याच्या घडणीची आहे असं अनेक अभ्यासक मानतात. हे आपल्या शाळांत शिकवलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी जात चकमकीची, तुमच्या कागदातली. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा. तो पुढच्या उभ्या पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणग्या रंजकावर पडतात. ती पट्टी म्हणजे फ्रिझन. तिसरी केपाची. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1807 मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्यातून तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, आली, मिरीच्या दाण्याहून जरा मोठी. ती निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडीवर, बसवायची, घोडा तिच्यावर ठोका देतो. रंजक नको, फ्रिझन नको, पावसात भिजायची भीती कमी. आपल्या पावसाळ्यात त्याचं मोल काय ते शिकाऱ्यांना विचारा.

तर कागद खरा की काका? दोघंही खरे असू शकतात. केप आल्यावर चकमकीच्या कितीतरी बंदुका केपाच्या करून घेतल्या गेल्या. संग्राहकांच्या भाषेत त्या 'कन्व्हर्टेड'. दिवसाच्या उजेडात कळेची बाहेरची लोखंडी पाटी बघा. घोड्याच्या पुढच्या भागात बुजवलेली गोल भोकं दिसतात का? तिथे फ्रिझनचा आणि त्याच्या कमानीचा स्क्रू असायचा. पाटीच्या वरच्या कडेला पॅन कापून काढल्याची खाच आहे का? नळीच्या बाजूला जुन्या कानाच्या जागी एक छोटा दंडगोल बसवून त्यावर निपल आहे का? घोड्यावरची नक्षी पाटीवरच्या नक्षीशी जुळत नाही का? यातल्या दोन-तीन गोष्टी सापडल्या तर तुमच्या इन्व्हेंतारमधली बंदूक हीच, असं मी म्हणेन. बंदूक केपाची आहे आणि यातली एकही सापडली नाही, तर कागदातली बंदूक बहुधा वेगळी होती आणि ही नंतर घरात आली.

भाषा तिन्ही ठेवा, पण ज्याच्या त्याच्या कामाला. हातात धरून बोलायला मराठी पुरेशी आहे: नळी, दस्ता (खांद्याला टेकायचा लाकडी भाग), गज (बार ठासायची काठी), घोडा, चाप, माशी (नेम धरायची खूण). घरच्या कागदांसाठी पोर्तुगीज: कानू म्हणजे नळी, कोरोन्या म्हणजे दस्ता, व्हारेता म्हणजे गज, फेशु म्हणजे कळ. आपण ज्याला घोडा म्हणतो त्याला पोर्तुगीज कुत्रा म्हणतात आणि इंग्रज कोंबडा, म्हणून शब्दशः अर्थ लावत बसू नका, भागावर बोट ठेवा. इंग्रजी कॅटलॉगपुरती. वहीत प्रत्येक भागाचं चित्र स्वतः काढा आणि शेजारी तिन्ही नावं लिहा. चित्र काढताना जे दिसतं ते फोटोत निसटतं.

आणि गंज खरवडू नका. नळीवरचा तपकिरी थर पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. त्यावरच्या खुणा आणि अक्षरं कायमची गेली.

प्रश्न : गावात सगळे 'बारा बोअरची' म्हणतात. हे बारा म्हणजे काय?
– एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. नळीचा व्यास साधारण 18.5 मिलिमीटर येतो. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते, सोळा बोअर बारापेक्षा लहान. 'पॉइंट थ्री टू' वगैरे आकडे मात्र इंचातले असतात, ते वेगळं माप.

प्रश्न : शंभर वर्षांपेक्षा जुनी बंदूक असेल तर परवाना लागत नाही, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नुसत्या वयावर सूट मिळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही उडवता येण्याजोगं नसेल तरच. तुमची बंदूक त्यात बसते की नाही हे शेजाऱ्याने, दुकानदाराने किंवा मी ठरवायचं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा, सोबत फोटो आणि घरचे जुने कागद जोडा. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लिस्बनच्या नातेवाइकांना भेट म्हणून द्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.