वाचकांचे प्रश्न : 'सनशाइन'वरून पडलेले दोन तट

रॉबिन मॅककिन्ली या अमेरिकी लेखिकेच्या 'सनशाइन' या कादंबरीविषयी गेल्या अंकात लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांत एका बाजूला निस्सीम प्रेम आहे आणि दुसऱ्या बाजूला उघड वैताग आहे. ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी कथेचा आरंभ थोडक्यात सांगते. माणसे, व्हॅम्पायर आणि इतर अमानवी जीव यांच्यातल्या मोठ्या युद्धातून कसेबसे सावरलेले हे जग आहे. सनशाइन या टोपणनावाने ओळखली जाणारी रे सेडन ही तरुणी सावत्र वडिलांच्या कॉफीहाउसात पाव आणि दालचिनीचे रोल भाजते. एका रात्री ती एकटीच तळ्याकाठी जाते आणि व्हॅम्पायर तिला उचलून नेतात. एका ओसाड हवेलीत तिला भिंतीशी साखळीने जखडले जाते. शेजारी, तसाच जखडलेला, उपाशी ठेवलेला एक व्हॅम्पायर असतो, त्याचे नाव कॉन्स्टंटाइन. त्याच्या शत्रूने तिला त्याचे भक्ष्य म्हणून तिथे ठेवलेले असते.

प्रश्न : आरंभ विलक्षण आहे हे मान्य, पण ही निवेदिका मुद्द्यावर राहतच नाही. मृत्यू हाताच्या अंतरावर बसलेला असताना ती कॉफीहाउस, आई, घरमालकीण, न्याहारीची गर्दी असे काहीबाही सांगत सुटते. मी पुस्तक अर्ध्यावर ठेवून दिले. हा पाल्हाळ संपादकाने कापायला नको होता का?

उत्तर : तुमच्यासारखी तक्रार करणारी पत्रे सर्वांत जास्त आहेत, म्हणून याच प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते. पहिल्या वाचनात मीही भट्टी आणि पिठाची पाने भराभर उलटली होती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की ही मुलगी कुठे भरकटते आणि कुठे भरकटत नाही, यात एक निश्चित क्रम आहे. भय जितके जवळ येते, तितकी ती रोजच्या आयुष्याकडे धाव घेते. पहाटेच्या अंधारात उठणे, पीठ मळणे, ते फुगण्याची वाट पाहणे, पहिली खेप भट्टीतून काढणे ही तिला नेमकी ठाऊक असलेली आणि तिच्या हातात असलेली कामे आहेत. जे घडले ते तिच्या हाताबाहेरचे आहे. प्राणांतिक प्रसंगातून वाचलेले माणूस घटना सरळ रेषेत सांगत नाही. ते मध्येच थांबते, भलत्याच तपशिलाशी घुटमळते, मग पुन्हा मूळ गोष्टीकडे येते. मॅककिन्ली यांनी प्रथमपुरुषी निवेदन घेतले आणि त्या निवेदनाला असा माणसाचा श्वास दिला.

आणखी एक गोष्ट पाहा. बहुतेक भयकादंबऱ्यांत सुटका हा शेवट असतो. इथे सुटका पुष्कळ आधी होते आणि खरी कादंबरी त्यानंतर सुरू होते. घरी परतलेली सनशाइन कोणालाही काही सांगू शकत नाही. तिच्या छातीवरची जखम भरून येत नाही. ती कामावर जाते, रोल भाजते, लोकांशी बोलते, आणि ती जखम पुन्हा पुन्हा उघडत राहते. हे सारे संपादकाने कापले असते तर एक चपळ साहसकथा उरली असती, आणि तशा साहसकथांचा तुटवडा नाही.

मात्र तुमच्या तक्रारीचा एक भाग मला पूर्णपणे पटतो. अमानवी जीवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी दलाची माहिती मधल्या भागात ज्या रीतीने येते, तिथे निवेदिकेचे भय बोलत नाही, लेखिकेची टिपणे बोलतात. संगणकाला 'कॉमबॉक्स' आणि जाळ्याला 'ग्लोबनेट' म्हणणारी ही भाषा कुठलेही स्पष्टीकरण न देता अंगावर येते. तिची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात वाचक हातचा निसटला तर त्याला दोष देता येणार नाही. तुम्ही पुस्तक पुन्हा उघडणार असाल तर या दलाची पाने वेगाने वाचा, भट्टीची मात्र सावकाश वाचा.

प्रश्न : व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो, हा मूळ नियम आहे. नायिकेच्या नुसत्या स्पर्शाने तो भर दिवसा चालत जातो, ही सोयीस्कर पळवाट वाटली. नियम मोडायचेच असतील तर व्हॅम्पायर हवाच कशाला?

उत्तर : ज्याला आपण मूळ नियम म्हणतो, तो फारसा जुना नाही. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त काउंट लंडनमध्ये दिवसाउजेडी हिंडताना दिसतो. उन्हात त्याच्या शक्ती मावळतात, पण तो मरत नाही. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना १९२२ सालच्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने रूढ केली, आणि ती इतकी पक्की बसली की आज तीच परंपरा वाटते. म्हणजे या साहित्यप्रकारात नियम बदलत राहणे हीच रीत आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की नव्या नियमाची किंमत कोणी मोजली का.

माझ्या मते ती पुरेपूर मोजलेली आहे. सनशाइनला आजीने लहानपणी छोट्या वस्तूंचे रूप पालटायला शिकवलेले असते आणि तिच्या जादूचे बळ सूर्यप्रकाशात असते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती आपल्या खिशातल्या चाकूची किल्ली करते आणि पायातली बेडी उघडते. इथवर ती फक्त स्वतःला वाचवते. त्यानंतर ती दुसऱ्या कैद्याकडे वळते, आणि असे का केले हे तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगता येत नाही. पुढचा प्रवास अजिबात सोयीचा नाही. तिच्या पायांत काही नाही, वाट लांब आहे, आणि स्पर्श क्षणभर सुटला तरी तो जळणार आहे. ज्याच्या जवळ असण्याने तिच्या अंगावर काटा येतो, त्यालाच तिला दिवसभर धरून ठेवायचे आहे. लेखिकेने नियम ढिला केला खरा, पण पात्रांना अधिक घट्ट बांधून घातले. याला मी पळवाट म्हणणार नाही.

प्रश्न : मुखपृष्ठावरची माहिती वाचून प्रेमकथा समजून घेतली होती. कॉन्स्टंटाइन कुरूप आहे, त्याच्याशी धड संवाद होत नाही, आणि नायिकेचा मानवी प्रियकर मेल शेवटपर्यंत तसाच राहतो. मग या दोघांच्यात नेमके काय आहे?

उत्तर : तुमची अपेक्षा चुकीची नव्हती. मोहक, उमराव व्हॅम्पायरची परंपरा जॉन पोलिडोरी यांच्या १८१९ सालच्या कथेपासून चालत आली आहे, आणि 'सनशाइन'नंतर दोनच वर्षांनी, म्हणजे २००५ साली, आलेल्या 'ट्वायलाइट'ने ती घरोघरी पोहोचवली. मॅककिन्ली यांनी मात्र हे सौंदर्य मुद्दाम काढून घेतले. त्यांचा व्हॅम्पायर राखाडी कातडीचा आहे, त्याच्या हालचाली माणसाच्या डोळ्यांना खटकतात, आणि तो दिसताक्षणी शरीर पळून जायला सांगते. या दोघांत शारीरिक जवळिकीचा एक प्रसंग येतो आणि अर्ध्यावर तुटतो. कित्येक वाचकांना त्या ठिकाणी फसवणूक झाल्यासारखे वाटले, तर मला तो प्रसंग पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण तिथे दोघांनाही आपण एकमेकांसाठी किती परके आहोत हे कळते.

त्यांच्यात जे आहे त्याला मी बांधिलकी म्हणेन. दोघांनी एकमेकांचा जीव वाचवला आहे आणि ते ऋण कोणालाच फेडून मोकळे होता येत नाही. ते प्रेम आहे की नाही, याचा निवाडा पुस्तक करत नाही. ज्यांना तो निवाडा हवा आहे त्यांनी हे पुस्तक न घेतलेले बरे, आणि हे मी तुच्छतेने म्हणत नाही. प्रेमकथेची ओढ असलेल्या वाचकाला प्रेमकथा मिळावी, ही रास्त मागणी आहे. मुखपृष्ठाने तिच्याशी खेळायला नको होते.

प्रश्न : वडिलांचे काय झाले, मेल खरोखर कोण आहे, घरमालकीण इतके कसे जाणते, हे सारे धागे लोंबकळतच राहतात. पुढचा भाग कधी येणार?

उत्तर : कादंबरीला २००४ साली मिथोपोइक पुरस्कार मिळाला, तिचा चाहतावर्गही मोठा आहे, तरीही तिचा पुढचा भाग प्रसिद्ध झालेला नाही. तेव्हा हे पुस्तक आहे तसेच पूर्ण मानून वाचावे लागते. घरमालकिणीविषयीचे उत्तर मात्र पुस्तकातच आहे, ते उत्तरार्धात सापडेल. मेलविषयीचे मौन मला योग्य वाटते, कारण सनशाइन त्याला विचारण्याचे टाळते आणि तोही तिला विचारत नाही, आणि त्या न विचारण्यावरच त्यांचे नाते उभे आहे. वडिलांच्या बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. तिच्या साऱ्या शक्तीचे मूळ ज्या घराण्यात आहे, त्याचा इतका गाजावाजा करून त्याला शेवटी वाऱ्यावर सोडणे ही उणीवच आहे.

प्रश्न : लेखिकेची मुलांसाठीची पुस्तके घरी आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला हे देऊ का?

उत्तर : आत्ता देऊ नका. मॅककिन्ली यांना १९८५ साली बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले होते, त्यामुळे असा समज होणे साहजिक आहे. मात्र ही कादंबरी प्रौढांसाठी लिहिलेली आहे. त्यातली हिंसा आणि वर उल्लेखलेला प्रसंग दोन्ही स्पष्ट आहेत. त्याऐवजी त्यांची 'ब्यूटी' द्या. ती १९७८ सालची आहे आणि 'सौंदर्यवती आणि पशू' या लोककथेचे ते पुनर्कथन आहे.

प्रश्न : मराठीत भाषांतर झाले तर व्हॅम्पायरला 'वेताळ' म्हणता येईल का?

उत्तर : रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली उलट दिशेने हेच केले होते. वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत नेताना त्यांनी वेताळाला 'व्हॅम्पायर' केले. तरीही मी म्हणणार नाही. आपला वेताळ प्रेतात वस्ती करतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. रक्तावर जगणे हा त्याचा स्वभाव नाही. 'रक्तपिपासू' हे विशेषण म्हणून चालते, पण प्राण्याचे नाव म्हणून कृत्रिम वाटते. 'व्हॅम्पायर' हा शब्द आता मराठी वाचकाच्या कानाला रुळला आहे, तोच ठेवावा.

तुमच्या प्रश्नाने मला त्या हवेलीतला एक प्रसंग मात्र नव्याने दिसला. उपाशी कॉन्स्टंटाइन सनशाइनला बोलत राहायला सांगतो, म्हणजे समोर भक्ष्य नसून विचार करणारा जीव आहे याची त्याला आठवण राहील. तेव्हा ती त्याला 'सौंदर्यवती आणि पशू'ची गोष्ट सांगते. वेताळ गोष्ट सांगतो तो राजाला बोलते करून निसटण्यासाठी. इथे गोष्ट माणूस सांगतो आणि ऐकणारा साखळीत असतो, आणि गोष्ट चालू आहे तोवर दोघेही जागचे हलत नाहीत.